शुश्रूषा कोणाच्या मर्जीने?

घरी येणारी परिचारिका विचारते, "आजोबा, स्नान केव्हा घालू?" आणि उत्तर मुलगा देतो. वाचकहो, हे दृश्य आपल्या घरातले तर नाही ना?

वृद्ध मातापित्यांना 'उफ्'देखील म्हणू नये, ही सूरह बनी इस्राईलमधील ताकीद आपण जिभेपुरती मानतो. पण त्यांना न विचारता त्यांच्या देहाविषयी ठरवणे, मग ते कितीही मृदू शब्दांत असो, हा उपमर्दच नव्हे काय? सूरह बकराच्या 233 व्या आयतीत तान्ह्या बाळाचे दूध तोडण्यासाठीही मातापित्यांची परस्परसंमती व सल्लामसलत सांगितली आहे. मग जाणत्या वृद्धाला त्याच्याच शुश्रूषेच्या सल्ल्यातून कसे वगळावे?

ओल्या फरशीचा धोका परिचारिकेला कळतो. पहाटे पायांत किती बळ असते, हे वृद्धालाच ठाऊक. दोघे बोलले की वुजूसाठी स्टूल येते, लघवीच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून नमाजच्या वेळांशी जुळवली जाते. (पगार आपण देतो म्हणून हुकूमही आपलाच, हा समज बाजारातला आहे.)

ज्यांची स्मृती गेली, त्यांचे काय? तेथे बरेच निर्णय आपल्यालाच घ्यावे लागतात, हे खरे. तरी पाणी कोमट हवे की गार, एवढे त्यांचा हात अजूनही सांगतो.