तांबड्या चाफ्याचा रंग

फुलाचा रंग फुलांत असतो कीं पाहणाराच्या डोळ्यांत, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या तासाला आम्हीं आजवर किती वेळां फळ्यावर लिहिला असेल, त्याची गणती नाहीं. तास संपला कीं फळा पुसला जाई आणि त्याबरोबर प्रश्नहि पुसला जाई. गेल्या वैशाखांत मात्र तोच प्रश्न घोरावाडीच्या आमच्या अंगणांत असा येऊन उभा राहिला कीं, तो पुसून टाकणें आमच्या हातीं उरलें नाहीं.

पुणें-लोणावळें लोहमार्गावर बेगडेवाडी आणि तळेगांव यांच्या मधलें घोरावाडी हें लहानसें स्टेशन. तेथून जवळच आमचें वडिलोपार्जित घर होतें. तें यंदा विकलें. भावंडांचा विचार झाला, आम्हींहि सही केली. त्याचें रडगाणें येथें गाण्याचा आमचा हेतु नाहीं. अंगणांत आईनें लावलेला गडद तांबडा चाफा होता. नवे मालक पावसाळ्यापूर्वीं पाया खणणार असल्यामुळें त्या झाडाचे दिवस भरलेच होते. आमच्या वडील भगिनी इंदूरास असतात. गुडघ्यांच्या दुखण्यानें त्यांचा प्रवास कायमचा बंद झाला आहे. त्यांचें मागणें एवढेंच होतें : "झाड वांचत नसेल तर राहूं दे, पण त्याचा एक फोटो मला पाठव. रंग मात्र तोच येऊं दे."

आम्ही भर दुपारीं कॅमेरा घेऊन गेलों, दहाबारा छायाचित्रें काढलीं आणि त्यांतलें सर्वांत ठसठशीत होतें तें पाठवून दिलें. ताईंचें उत्तर आलें, "फारच सुरेख आहे. पण हा आपला चाफा नव्हे."

'आपला' हा शब्द या झाडाच्या बाबतींत मोठा गमतीचा आहे. हा चाफा मुळांत मेक्सिको आणि मध्य अमेरिका या बाजूचा. प्ल्युमिये नांवाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्याचें शास्त्रीय नांव पडलें. आज तो देवळादेवळाच्या आवारांत असा रुजला आहे कीं, त्याला परका म्हणण्याची कोणाची छाती होणार नाहीं. असो.

छायाचित्रांतला दोष समजण्यास वेळ लागला नाहीं. आजच्या कॅमेऱ्याच्या प्रकाशग्राही पटलावर अतिसूक्ष्म चौकटी असतात. दर चार चौकटींपैकीं दोहोंवर हिरवी, एकीवर तांबडी आणि एकीवर निळी गाळणी बसविलेली असते. ब्राइस बायर या गृहस्थाला या योजनेचें पेटंट १९७६ सालीं मिळालें. गडद तांबड्या पाकळीपासून हिरवा व निळा प्रकाश जवळजवळ येतच नाहीं. सारा भार तांबड्या चौकटींवर पडतो. त्यांतच यंत्राला फूल काळोखें वाटतें, म्हणून तें आपण होऊन चित्र उजळतें. मग तांबड्याचें भांडें भरून ऊतूं जातें, आणि भरल्या भांड्यांत कमीअधिक काय तें कळत नाहीं. पाकळीच्या शिरा, कडेची काळसर झांक, घडीतली सावली, सर्व नाहींसें होऊन एक सपाट, शेंदराकडे झुकलेला डाग उरतो. यावर उपाय आहेत. ऊन टाळावें, प्रकाश हातानें कमी करावा, शेजारीं करड्या रंगाचा कागद धरून त्यावरून रंगांचें माप घ्यावें, आणि यंत्रानें संस्कार न केलेली मूळ नोंद जपून ठेवावी. हें सर्व आम्ही शिकलों.

परंतु आमच्या पुतण्याला ही खटपट व्यर्थ वाटली. तो म्हणाला, "काका, आत्याला हवा तसा रंग मी संगणकावर पांच मिनिटांत भरून देतों. तिला कुठें झाडापाशीं येऊन ताडून पाहायचें आहे?"

त्याच्या मनांत कपट नव्हतें. आत्या सुखी व्हावी एवढाच हेतु होता. तरी तें वाक्य आमच्या जिव्हारीं लागलें. ज्यांना येऊन ताडून पाहतां येत नाहीं, म्हणूनच तर ताईंनीं आम्हांस पाहावयास पाठविलें होतें! घराच्या कागदावर आम्हीं सही केली ती त्यांच्याहि वतीनें. आतां डोळ्यांनीं पाहावयाचें तेंहि त्यांच्याच वतीनें. एका कामांत आमच्याकडून त्यांचें मन राखलें गेलें नव्हतें. दुसऱ्यांत तें खोटें बोलून राखावें काय?

जुन्या घरांत शंभर वर्षांपूर्वींचीं सवाष्णींचीं छायाचित्रें असतात. त्यांतलें कुंकू पाहावें, तें काळें दिसतें. कारण त्या वेळच्या पुष्कळशा काचपट्ट्यांना तांबडा प्रकाश दिसतच नसे. मग रंगारी कुंचल्यानें त्या जागीं तांबडा ठिपका देई. आम्ही त्याला लबाड म्हणणार नाहीं. कुंकू तांबडें होतें हें त्याला ठाऊक होतें, आणि यंत्राचें आंधळेपण त्यानें भरून काढलें. पण त्याचा तांबडा रंग त्याच्या डबींतला होता, त्या माउलीच्या कपाळावरचा नव्हे. याच्या उलट प्रकार मॅक्सवेलचा. १८६१ सालीं लंडनमध्यें त्यानें रंगीत फितीचें छायाचित्र तीन गाळण्यांच्या साह्यानें पडद्यावर दाखविलें. त्यांत तांबडा रंग आला खरा. परंतु त्याच्याहि पट्ट्या तांबड्याला आंधळ्याच होत्या. फितीच्या तांबड्या भागावरून अदृश्य असे अतिनील किरणहि परावर्तित होत होते, आणि त्यांचीच नोंद झाली होती, हें शंभर वर्षांनीं, १९६१ सालीं, उलगडलें. साक्ष खरी ठरली, पण साक्षीदारानें प्रसंग पाहिलाच नव्हता! अशा साक्षीला न्यायालयांत काय किंमत देतील?

आमच्या वेदान्त्यांचा स्फटिक आणि जास्वंद यांचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. फुलाजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा भासतो, पण तो तांबडा नसतो. त्यांची सारी चिंता स्फटिकाच्या शुद्धतेची. फूल तांबडें आहे याबद्दल त्यांपैकीं कोणालाच शंका नव्हती. आमची अडचण नेमकी तेथेंच होती. अखेर आम्हीं ताईंनाच फोनवर विचारलें कीं, तुमच्या आठवणींतला रंग कसा आहे? त्या म्हणाल्या, "जवळजवळ काळा. आईच्या मागून परडी घेऊन जायची ना मी, तेव्हां दिसायचा तसा."

आई फुलें तोडीत असे ती सूर्योदयापूर्वीं. अंधुक उजेडांत तांबडा रंग काळवंडतो आणि निळा उजळतो, हें पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञानें दोनशें वर्षांपूर्वीं नोंदविलें आहे. त्या वेळीं डोळ्याचा जो भाग जागा असतो त्याला गडद तांबडा जवळजवळ दिसत नाहीं. ताईंची आठवण चुकली नव्हती. आम्हीच भलत्या वेळीं गेलों होतों. यावरून 'ज्याचा त्याचा रंग खरा' असा सोपा निकाल विद्यार्थी देतात, पण तो आम्हांस मान्य नाहीं. दुपारचा रंग दुपारीं खरा आणि पहाटेचा पहाटे. पण पुतण्या भरणार होता तो कोणत्याच घटकेचा नव्हता.

साडेपांचाच्या सुमारास आम्ही दोघे झाडाखालीं गेलों. यंत्राला आपला डोळा नसतो. त्यानें पहाटेलाहि दुपार करून दाखविली. तेव्हां लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड अगदीं मंद करून, एकदां फुलाकडे आणि एकदां पडद्याकडे पाहत, दोन्ही जुळेपर्यंत पुतण्यानें रंग उतरविला. म्हणजे अखेर हातानेंच! आदल्या दिवशीं ज्याला आम्हीं हरकत घेतली तेंच आज सांगून करून घेतलें, हें तो आम्हांस ऐकविल्यावांचून राहिला नाहीं. फरक एवढाच होता कीं, फूल समोर होतें. तें फार वेळ राहिलें नाहीं. उजाडूं लागलें तसा रंग पालटला आणि जुळविलेलें पुन्हां विजोड दिसूं लागलें.

तें चित्र आणि दुपारचें चित्र, अशीं दोन्ही ताईंना पाठविलीं. प्रत्येकाखालीं वेळ आणि पहिल्याखालीं 'रंग हातानें उतरविला आहे' असें लिहिलें. त्यांचा फोन आला तेव्हां रंगाविषयीं त्या कांहींच बोलल्या नाहींत. झाडाखालीं पडलेलीं फुलें कोणी वेंचलीं का, एवढेंच त्यांनीं विचारलें. आम्हीं वेंचलीं नव्हतीं.