उपयुक्ततेचा दाखला

दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा अमेरिकेत हिस्पॅनिक वारशाचा महिना. १९६८ साली तो आठवडा होता, १९८८ मध्ये त्याचा महिना झाला. विद्यापीठांच्या आवारात या दिवसांत लॅटिना सोरोरिटींची, म्हणजे ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या विद्यार्थिनींच्या भगिनीसंघांची, लगबग असते. त्यांतला पहिला संघ, लॅम्डा थीटा अल्फा, १९७५ च्या डिसेंबरात न्यू जर्सीतल्या कीन कॉलेजात निघाला. नाचगाणी आणि खाद्यपदार्थ यांच्या जोडीला आता आर्थिक योगदानाचाही गौरव होतो, आणि त्यासाठी हाताशी एक दणदणीत आकडा आहे: अमेरिकेतल्या लॅटिनोंचे २०२२ मधले एकूण उत्पादन ३.६ लाख कोटी डॉलर. त्यांचा वेगळा देश असता तर ती जगातली पाचवी अर्थव्यवस्था ठरली असती. आकड्याशी माझे भांडण नाही. त्याच्या खांद्यावर जे ओझे ठेवले जाते त्याबद्दल आहे. आम्ही एवढी भर घालतो, तेव्हा आम्हाला इथले समजा, हा युक्तिवाद ऐकायला स्वाभिमानी वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्या हक्काची किल्ली दुसऱ्याच्या हाती देतो.

इतिहास काय सांगतो? १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकन मजुरांशी सुमारे ४६ लाख करार झाले. युद्धकाळात अमेरिकेची शेते आणि रेल्वेमार्ग याच हातांनी सांभाळले. या मजुरांचे योगदान कुणी नाकारत नव्हते. उलट मळेवाले ते मागून घेत होते. तरीही पहिल्या काही वर्षांत त्यांच्या मजुरीतला दहावा हिस्सा बचतीच्या नावाने कापला गेला आणि अनेकांना तो कधीच मिळाला नाही. करार चालूच होते, तेव्हाच १९५४ मध्ये मेक्सिकनांना धरून सीमेपार घालवण्याची मोठी सरकारी मोहीम निघाली. त्याआधी, १९३० च्या मंदीत, ज्यांना मेक्सिकोत पाठवले गेले त्यांत अमेरिकेत जन्मलेले नागरिकही होते. काम हवे आणि माणूस नको, या दोन गोष्टी एकाच राज्ययंत्रणेत सुखाने नांदू शकतात.

आणखी एक अडचण त्या मोजमापाच्या पोटातच आहे. उत्पादन बाजारभावाने मोजायचे, तर ज्याच्या श्रमाला कमी दाम मिळतो त्याचे योगदानही कमीच दिसणार. अमेरिकेत १९३५ च्या कामगार संघटनांविषयीच्या कायद्यातून आणि १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. शेतमजुरीत पुढे लॅटिनोंची, तर घरकामात लॅटिना बायकांची संख्या मोठी झाली. पूर्णवेळ काम करणारी लॅटिना आजही गोऱ्या पुरुषाच्या एका डॉलरमागे जेमतेम साठ सेंटांच्या आसपास कमावते. म्हणजे ज्या आकड्याचा उत्सव करायचा, त्यातच अन्यायाची वजाबाकी आधीच झालेली आहे. विनावेतन घरकाम तर त्यात धरलेलेच नाही.

यावर कुणी म्हणेल, हा पुस्तकी सोवळेपणा झाला. स्थलांतरित म्हणजे देशावरचा भार, असा प्रचार रोज होत असताना आकड्यांनी उत्तर द्यायचे नाही तर कशाने? हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. खोटे खोडण्यासाठी आकडा जरूर वापरावा. हक्काचा पाया म्हणून नको. उपयोगावर उभा असलेला हक्क उपयोग असेपर्यंतच टिकतो. एच-१बी व्हिसावरच्या भारतीयांना, त्यांतल्या मराठी घरांनाही, हे वेगळे सांगायला नको: नोकरी सुटली की बहुधा ६० दिवसांत नवा मालक शोधायचा, दुसरी काही सोय लावायची किंवा सामान बांधायचे. भरलेला कर तेव्हा कुणी विचारात घेत नाही. तरी आपलीही संमेलने भारतीयांच्या सरासरी उत्पन्नाचा तोरा मिरवतातच.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: वेगळा संघ काढणे हीच फुटीर वृत्ती नाही का? पण कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा काढली, तेव्हाही जुन्या सोरोरिटींची दारे त्यांना बंदच होती. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, प्राध्यापकाशी कसे बोलायचे, सुट्टीत घरी कामाला थांबायचे की इंटर्नशिप घ्यायची, हे सांगणारे घरात कुणी नसते. ते सांगणारी मोठी बहीण पुरवणे, हे या संघांचे खरे काम. शिवाय पोर्तो रिकोची, क्यूबाची आणि मेक्सिकोची मुलगी एका खोलीत आली की ‘लॅटिना’ हा वारसा त्यांना जुळवूनच घ्यावा लागतो. तो तयार मिळत नाही. १९७५ च्या त्या मुलींनी संघ काढला तेव्हा पाचव्या अर्थव्यवस्थेचा आकडा कुणी काढलेला नव्हता, आणि त्यांना त्याची गरजही भासली नव्हती.