नळी काढणे आणि जीव घेणे

यंत्रावर ठेवलेल्या माणसाची नळी काढली तर पाप लागते का? गादी सोडून मला बरीच वर्षे झाली, तरी हा प्रश्न घेऊन माणसे अजून घरी येतात. त्यांना मी आधी कायदा सांगतो, कारण पुष्कळांना तोच ठाऊक नसतो.

सुई टोचून प्राण घ्यायला आपल्या देशात परवानगी नाही. बरे होण्याची आशा उरली नसेल तर उपचार थांबवता येतात. या निवाड्याचा उगम मुंबईतला. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३च्या अमानुष हल्ल्यानंतर ४२ वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांचे अन्न थांबवावे, अशी विनंती सर्वोच्च न्यायालयात गेली. सेवा करणाऱ्या परिचारिकांनीच तिला विरोध केला. इतकी वर्षे पडून असलेल्या त्या देहाला अंथरुणाची एक जखम नव्हती! सेवाधर्मावरची आम्हा कीर्तनकारांची निरूपणे त्यापुढे फिकी आहेत. न्यायालयाने २०११ साली विनंती नाकारली, पण इतरांसाठी दार किलकिले केले. २०१८ साली ते उघडले आणि २०२३ साली वाट थोडी सोपी केली.

आता शुद्धीत असताना दोन साक्षीदारांपुढे इच्छापत्र करून ते नोटरीकडून प्रमाणित करता येते. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाला तपासतात. दोघांचे एकमत झाले आणि घरच्यांनी संमती दिली, तरच यंत्र थांबते.

काही जण यासाठी माउलींच्या संजीवन समाधीचा दाखला देतात. तो इथे लावू नये. आळंदीला जे घडले ते रोगाने टेकीला आलेल्या देहाचे गाऱ्हाणे नव्हते. विनोबांचा दाखला जवळचा आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी औषध, अन्न, पाणी सोडले. निर्णय त्यांचा स्वतःचा होता, दुसऱ्या कुणी घेतलेला नव्हता.

माझी खरी भीती वेगळीच आहे. मंडळ रोग तपासते, घरच्यांचे मन कोण तपासणार? एका घरी मोहापायी बापाला महिनाभर यंत्रावर खिळवून ठेवतात. दुसऱ्या घरी पैसे संपतात, मुलगा 'आमच्या जबाबदारीवर नेतो' म्हणून सही करतो आणि गाडी गावाकडे निघते. तिथे ना मंडळ, ना इच्छापत्र. त्या मुलाला पापी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बापाने धडधाकट असताना चार शब्द बोलून ठेवले असते, तर निदान त्या सहीचे ओझे एकट्या मुलावर पडले नसते.

मी माझा कागद केला. त्यात मुलाचे आणि मुलीचे नाव घातले. मुलगा म्हणाला, "अण्णा, हे आत्ताच कशाला?" मुलीने एवढेच विचारले, "तोंडात पाणी तरी घालू ना?"

घाल म्हटले.