आधी ते टेबलावर ठेव

बसू नकोस, उभाच राहा. विजेच्या बंदुकीची ती सॅक पायाशी नको, कोपऱ्यातल्या लाकडी टेबलावर ठेव. हळू. आता हात काढ आणि इकडे ये. शेवटचं चार्ज कधी केलं होतंस? काल रात्री. आणि डिस्चार्ज? गप्प का? मघाशी जिन्यात मित्रांसमोर फुशारक्या मारताना तर तोंडाचा पट्टा चांगला चालला होता.

"सर, बंद आहे ते." बंद म्हणजे काय रे? स्विच पाडलास म्हणजे बॅटरीकडून येणारं बंद झालं. कपॅसिटरात जे आधीच जाऊन बसलंय ते कुठे गेलं? हवेत विरलं? दुसऱ्या वर्षाला आहेस, परीक्षेत ऊर्जेचं सूत्र घडाघड लिहितोस, अर्धा सी व्ही वर्ग. मग मांड बघू. तुझ्याच वहीत लिहिलंय, एकूण 2000 मायक्रोफॅरड, 400 व्होल्ट. किती आलं? 160 ज्यूल. दवाखान्यात हृदयाची लय बिघडलेल्या माणसाला डेफिब्रिलेटरने झटका देतात, तो याच पट्टीतला असतो. तिथे बटण दाबण्याआधी डॉक्टर ओरडून सगळ्यांना खाटेपासून लांब करतात. तू मात्र तेवढाच ऐवज पाठीला लावून, कात्रजहून भरलेल्या बसमध्ये, दांड्याला धरून उभा राहून आलास. शेजारी कोण होतं? एखाद्या आजी असतील, कडेवर नातू असेल. त्यांना विचारलं होतंस?

डिस्चार्ज कसा करतोस, ते सांगू नकोस. तुझा स्क्रूड्रायव्हर सांगतोय. हा बघ, खिडकीपाशी धरून नीट बघ. टोकाची धार उरलेलीच नाही. एका बाजूला खड्डा पडलाय, कडेला वितळून थिजलेला लोखंडाचा दाणा चिकटलाय, मुठीपर्यंत काजळी आलीय. पोलाद वितळलंय ते, पोलाद! त्याच्यापासून चार बोटांवर तुझा अंगठा होता, आणि त्या हातात तुझ्या आत्याने दिलेली अंगठी आहे. दोन टर्मिनलांमध्ये अंगठी सापडली असती तर ती कापून काढायला सोनाराकडे नाही, सर्जनकडे जावं लागलं असतं. डोळ्यांवर चष्मा होता? नव्हता. मला ठाऊकच होतं.

"ब्लीडर लावलाय सर." लावलास, उपकार झाले. चार्ज जिरवायचा तो रोध किती ओहमचा? शंभर किलोओहम. आर गुणिले सी कर. 200 सेकंद. म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद थांबलास तरी आत अजून दीडशेच्या आसपास व्होल्ट शिल्लक आहेत. हात लावण्याजोगं व्हायला असे पाच काळ जावे लागतात, म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. तू किती थांबतोस? मनात दहा आकडे मोजतोस, असं तुझ्या मित्राकडूनच कळलं. आणि त्या रोधाचा एखादा सांधा सुटला असेल तर? तो तुटलाय हे सांगणारा दिवा लावलास? मीटर कायमचा जोडलास? नाही. चार्ज झाल्याचा हिरवा दिवा मात्र आवर्जून लावलायस.

आणखी एक ऐक, पाठ्यपुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं म्हणून तुम्ही सोडून देता. कपॅसिटर पूर्ण रिकामा केला, मीटरवर शून्य आलं, तार काढली, आणि काही वेळाने पुन्हा मीटर लावला तर व्होल्ट परत आलेले दिसतात. आतला परावैद्युत पदार्थ आपलं ध्रुवीकरण एका फटक्यात सोडत नाही, सावकाश सोडतो. म्हणून तर मोठे उच्चदाबाचे कपॅसिटर कपाटात ठेवतानाही दोन्ही टोकं तारेने बांधून ठेवतात. आपल्या लॅबच्या कपाटात तशी तार बांधलेली दिसली तेव्हा "हे कोणी कचऱ्यासारखं गुंडाळलंय" म्हणून हसला होतास. आता हस.

बेंजामिन फ्रँकलिनचं नाव माहीत आहे ना? पतंगवाला. 1750 च्या नाताळाच्या तोंडावर तो विजेने टर्की मारायला निघाला होता. लेडन जारचे, म्हणजे त्या काळच्या कपॅसिटरचे, दोन मोठे नग भरून ठेवलेले, भोवती लोक जमलेले, गप्पा रंगलेल्या. एक हात वरच्या तारांवर, दुसरा बाहेरच्या साखळीवर, आणि सगळा चार्ज त्याच्याच अंगातून गेला. शुद्ध हरपली. भावाला पत्र लिहून त्याने हे कळवलं आणि फार बोभाटा करू नकोस, लाज वाटते, असंही सांगितलं. त्या काळी विजेतलं त्याच्याइतकं जाणणारी माणसं मोजकीच होती. त्याची ही गत झाली, आणि तू तपकीर गल्लीतून जुने कपॅसिटर वजनावर उचलून आणतोस. ते कोणत्या इन्व्हर्टरमधून निघाले, किती फुगलेत, आतलं रसायन सुकलंय का, कशाचा पत्ता नाही.

आता त्या बंदुकीच्या नळीचं बोलू. ठिणगीच्या वाटेतला पदार्थ क्षणात वायू होतो, आयनित होतो, हजारो अंशांचा प्लाझ्मा बनतो, आणि त्याचा दाब पुढच्या तुकड्याला ढकलतो. हे तू मला समजावायला निघालास. तो दाब फक्त पुढेच बघतो का? भिंतीलाही तेवढाच रेटतो, मागच्या बुचालाही तेवढाच रेटतो. बूच सुटलं तर त्याच्यासमोर काय आहे? तुझं थोबाड. ती नळी किती दाब सोसते, हे तू कधी काढलंस का? "फुटली नाही अजून," हे गणित नव्हे.

अमेरिकेच्या नौदलाने 2010 साली डालग्रेनला विजेवर गोळा फेकणाऱ्या रेलगनचा 33 मेगाज्यूलचा बार काढला. तत्त्व वेगळं, पण साठवण कपॅसिटरांचीच. अमाप पैसा, जाणकारांची फौज, कपॅसिटर इमारतीत पक्के बसवलेले. तरी 2021 मध्ये गाशा गुंडाळला. त्यांनी तो प्रकार सॅकमध्ये घालून फिरवला नव्हता. लॅबमध्ये जाळीचं दार उघडलं की पुरवठा तुटतो, अर्थिंगचा दांडा खुंटीला लटकलेला असतो, एकटं काम करायचं नाही असा दंडक असतो. पाठीवर घेतलंस की यातलं एकही तुझ्याबरोबर येत नाही. पाठीवर नेता यावं एवढ्यासाठीच तू हे लहान केलंस, हलकं केलंस, मूठ बसवलीस! विषाची परीक्षा कोणी अशी बसमध्ये घेतं का?

आणि कोणावर? परवा ती चालवून बघायला वेताळ टेकडीवर गेला होतात. सकाळी तिथे अर्धं कोथरूड फिरायला येतं.

"बारूद नाही सर, म्हणजे बंदूक नाही." वा, वकील झालास! शस्त्र अधिनियम, 1959 उघड. स्फोटकाच्या किंवा अन्य कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेच्या जोरावर अस्त्र फेकण्यासाठी बनवलेलं शस्त्र म्हणजे फायरआर्म, अशी व्याख्या आहे. अन्य कोणत्याही. विनापरवाना बनवण्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. तुझे वडील रिक्षा चालवून फी भरतात, ते चौकीच्या पायऱ्या झिजवतील तेव्हा तू त्यांना अर्धा सी व्ही वर्ग समजावशील?

तोंड पाडू नकोस. तुझं सोल्डरिंग वर्गात सगळ्यांत साफ आहे, म्हणून तर डोकं फिरलंय माझं. ढ पोराने केलं असतं तर ते चार्जच झालं नसतं.

आता ऐक. ही सॅक इथेच राहील, कपाटाची किल्ली माझ्याकडे. ब्लीडरचे रोध मी स्वतः जोडतो, मीटर लावून रात्रभर ठेवतो, मग तुझ्यासमोर एकेक कपॅसिटर सुटा करू. नळी आज वर्कशॉपमध्ये दोन तुकडे होऊन भंगारात जाईल, तूच कापशील. उद्या सकाळी आठला वडिलांना घेऊन ये. बहाणा नको, मी फोन केलाय. आणि टेकडीवर तुझं शूटिंग घेणारा तो मित्र, त्यालाही आण. तो तर नळीच्या तोंडासमोरच उभा होता.