चारा कुठं लावला?

रेणापूरच्या पिंपळफाट्यावर पहाटे पाचला दूधवाल्यांच्याही आधी दिसतात ती पोलीस भरतीची पोरं. अंबाजोगाईच्या रस्त्यानं पळायचं, परत येऊन गोळा फेकायचा, मग रेणा नदीच्या काठावर जोर-बैठका. त्यातला एक सगळ्यांच्या पुढं पळायचा म्हणून त्याला कॅप्टन म्हणत. एका जूनमध्ये या कॅप्टनच्या डोक्यात झाडांचं आलं.

ते उगाच आलं नव्हतं. २०१६ साली ही पोरं तिसरी-चौथीत होती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातुरात पाण्यावरून मारामाऱ्या होतील म्हणून टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. कॅप्टनच्या मामानं त्याला खांद्यावर घेऊन ती गाडी दाखवली होती. लोक इंजिनाच्या पाया पडत होते, एवढंच त्याला आठवतं. पुढं कुठंतरी त्यानं वाचलं की आपल्या जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही, आणि गाडी व जंगल या दोन गोष्टी त्यानं मनात जोडून टाकल्या. हिशेब काही तितका सरळ नाही. मराठवाड्यातल्या दुष्काळाला ऊस, बोअर आणि बरंच काही कारण आहे. पण अठराव्या वर्षी माणूस कामाला लागतो तो असल्या अर्ध्या हिशेबावरच, आणि ते बरंच असतं.

एका रविवारी पोरं लातूरला जाऊन आली. तिथं ग्रीन लातूर वृक्ष टीम नावाचा एक गट २०१९पासून रोज झाडांचं काम करतो. डॉक्टर, वकील, व्यापारी, विद्यार्थी, सगळे हातात कुदळ घेऊन. रोज म्हणजे रोज, सणावारालासुद्धा खाडा नाही. पोरांनी फोटो काढले, परत येताना गाडीवर आपल्या गटाला नाव ठरवलं, टी-शर्टचा रंगही ठरवला. 'रोज' हा शब्द मात्र वाटेत कुठंतरी सांडला.

नगरपंचायतीनं नदीकाठच्या गायरानाचा एक पट्टा दाखवला. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून दोनशे रोपं मिळाली: कडुलिंब, वड, चिंच, आपटा, बेल, करंज. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असे खड्डे पोरांनी स्वतः खांदले. दंड भरले, वेगळा व्यायाम करावा लागला नाही. पाहुणे आले, बॅनर लागला, नारळ फुटला. प्रत्येक रोपाला सरासरी चार हात लावून फोटो निघाले.

पोळा झाला. नवरात्रात रेणुकादेवीच्या दर्शनाला गर्दी सुरू झाली तोवर पट्ट्यात काड्या उरल्या होत्या. कडुलिंबाचे शेंडे नाहीत, आपट्याचं पान नाही, चिंच तर मुळापासून उपटलेली. जिवंत होतं ते फक्त करंज.

शेळ्या कुणाच्या, हे शोधायला पोलीस लागत नव्हते. नदीपलीकडच्या वस्तीवरची एक म्हातारी, सगळे तिला मावशी म्हणतात, तिच्या नऊ शेळ्या रोज त्याच पट्ट्यात असायच्या. पोरांनी आधी समजावलं, मग दम दिला. मावशीनं दोन्ही ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेळ्या घेऊन पुन्हा आली.

मग जाळ्या आल्या. एका दानशूर व्यापाऱ्यानं लोखंडी जाळ्या दिल्या, प्रत्येकीवर पत्र्याची पाटी आणि पाटीवर त्याचं नाव झाडापेक्षा मोठं. दिवाळीच्या आसपास भंगाराचा भाव बरा असावा, कारण एका रात्रीत निम्म्या जाळ्या गेल्या. पाट्या चोरानं तिथंच काढून ठेवल्या होत्या. कॅप्टननं अर्ज लिहायला घेतला: सदर शेळ्या कोंडवाड्यात टाकाव्यात.

अर्जावर सह्या गोळा करताना तो तात्यांकडं गेला. तात्या म्हणजे वनीकरणातून निवृत्त झालेले मजूर. उभी हयात खड्डे आणि पिशव्या यांत गेलेली. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"दोन हजार एकोणीसला तेहतीस कोटी झाडांची मोहीम निघाली होती बग राज्यात. त्यातला एक तुकडा मीबी लावला. जुलैत मोजायला सायेब आले. मे महिन्यात न्हाई आलं कुणी."

"म्हणूनच तर कोंडवाडा म्हणतोय, तात्या."

"अन् कोंडवाड्यातनं म्हातारी शेळ्या सोडवून आणंल, ती तुज्या झाडाला पानी घालायला?"

तात्यांनी सही केली नाही. कॅप्टनला ते म्हातारपण वाटलं. गटात लातूरच्या कृषी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी होती, तिला मात्र तो प्रश्न चुकला नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटीच नदीकाठी गेली आणि भांडायला नव्हे तर विचारायला गेली, एवढाच काय तो फरक.

"मावशी, सगळी झाडं खाल्ली, करंज कामून सोडला?"

मावशी पहिल्यांदा हसली. "कालिजात शिकतीस अन् येवढं ठावं न्हाई? करंजाला शेळी तोंड लावत नसती. सगळे करंजच लावले असते तर माझं-तुमचं भांडणच झालं नसतं."

मग ती बोलत राहिली. रेल्वेनं पाणी आलं त्या साली तिच्याकडं चौदा शेळ्या होत्या. चारा नव्हता, पाणी नव्हतं. बाजारात नेऊन मिळेल त्या भावात अकरा विकल्या. तीन राखल्या, त्यांच्यावर पुन्हा उभी राहिली. नातवाच्या शाळेची फी, स्वतःचं औषधपाणी, सगळं शेळीच्या पाठीवर. नदीकाठ सोडला तर चरायला जागा कुठली? रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन, त्यात शेळी गेली की शेतकरी काठी घेऊन येतो.

"तुमी झाडं लावलाव, चांगलं केलाव," ती म्हणाली. "पर माय, माझा चारा कुठं लावलाव?"

मुलीकडं उत्तर नव्हतं. तिनं वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं.

बैठक फार वाईट झाली. ती म्हणत होती की पट्ट्याच्या बाहेरच्या अंगानं दोन ओळी शेवरी आणि हादगा लावू. दोन्ही झपाट्यानं वाढतात, शेळीला दोन्ही आवडतात. छाटून न्यायचा हक्क मावशीचा. आत आपली झाडं, आणि त्यांची राखण तिची. कॅप्टन म्हणाला, आपण पर्यावरणाचं काम करतोय की शेळीपालनाचं? दुसरा म्हणाला, शेवरी अहवालात झाड म्हणून धरणार नाहीत. तिसऱ्याची अडचण खरी होती: जाळ्या देणाऱ्या व्यापाऱ्याला चाऱ्यासाठी पैसे कसे मागायचे, पाटी कशावर लावायची?

मुलीनं एवढंच विचारलं, "ज्या साली रेल्वे आली, त्याच साली लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरेचं पात्र अठरा किलोमीटर खोल केलं. माझ्या वडलांनी शंभर रुपये दिले होते. ते अजून पुलावरून जाताना गाडी हळू करतात आणि पाणी बघतात. शंभर रुपयांत एवढं होत असेल, तर जिचं त्या पट्ट्यात काहीच नाही, त्या म्हातारीनं कशासाठी बघावं?"

वर ती म्हणाली की सरकारलाही हे कळलेलं आहे. खेड्यापाड्यांत ज्याला बिहार पॅटर्न म्हणतात त्यात रोजगार हमीतून झाडं राखणाऱ्या कुटुंबाला मजुरी मिळते. नुसती लावणाऱ्याला नव्हे. कॅप्टन चिडून उठून गेला. दुसऱ्या दिवशी पळून आल्यावर त्यानं कुणाशी न बोलता कुदळ घेतली आणि बाहेरच्या ओळीचे खड्डे खांदायला लागला. अशी माणसं वाद हरल्याचं तोंडानं सांगत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात दोन ओळी शेवरी-हादगा आणि आत नवी रोपं असा पट्टा उभा राहिला. लोखंडी जाळ्या नाहीत. मावशीनं शेजारच्या शिवारातल्या वेड्या बाभळीचे काटे तोडून आणले आणि असा काही फेर घातला की त्यातून कोंबडीसुद्धा जाऊ नये. काट्याला भंगारात भाव नसतो. शेवरी माणसाच्या उंचीची होईपर्यंत शेळ्या कुठं चारायच्या, हा प्रश्न चार महिने होताच. तेवढे दिवस पोरांनी आपापल्या शेताच्या बांधांवरचं गवत पाळीनं तिला कापून दिलं. ही अट तात्यांनी घातली होती आणि पाळताना पोरांच्या नाकी नऊ आले.

मग उन्हाळा. गट पातळ होत गेला. तिघं नीटच्या क्लासला लातूरला गेले. तिथं एकदा शिरलेलं पोर परीक्षा होईपर्यंत आईबापांनाही नीट दिसत नाही, तर झाडांना कुठून दिसणार. दोघांची भरती निघाली. उरलेली पोरं पहाटेच्या फेरीनंतर प्रत्येकी दोन कॅन पाणी नेत. एप्रिलमध्ये काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडल्या. वरून घातलेलं पाणी भेगेतून खाली जाई आणि मुळं उघडी पडून वाळत. हे पोरांच्या लक्षात आलं नाही. मावशी शेळ्या शेवरीपाशी बांधून खुरपं घेऊन बसे, भेगा मातीनं बुजवी, वर सोयाबीनचं भुसकट पसरून त्यावर दगड ठेवी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पलीकडच्या गल्लीतला एकजण आपल्या शेळ्या घेऊन आला तेव्हा तिनं त्याला अशा काही शिव्या दिल्या की पुलावरची माणसं थांबली. "माझं हाय हे," ती ओरडत होती. तो म्हणाला, गायरान तुझ्या बापाचं का? तर म्हणाली, "बापाचं नसंल. खुरपं माझं हाय."

सगळी झाडं जगली असं नाही. आपटा फारसा टिकलाच नाही. वडाचं एक रोप कुणीतरी मुळासकट नेलं, बहुधा वटपौर्णिमेसाठी. पण कडुलिंब आणि चिंच डोक्याच्या वर गेली आणि करंज तर होताच.

पाच जूनला, पर्यावरण दिनी, पट्ट्याला पाहुणे आले. आता तो दाखवण्याजोगा झाला होता. बातमी झाली होती, सत्कार ठरला होता, आणि रिकाम्या कोपऱ्यात नवीन रोपं लावण्याचा कार्यक्रमही. खड्डे आदल्या दिवशी कुणीतरी यंत्रानं घेऊन ठेवलेले. फोटोवाले आले, सतरंजी आली. पाहुण्यांनी बूट सांभाळत रोप हातात घेतलं, तेवढ्यात मावशी काठी टेकत पुढं आली. लोकांना वाटलं, सत्काराच्या शालीसाठी आली.

"सायेब, हे रोप कुणाचं?"

"आपल्या सगळ्यांचं, आजी," पाहुणे म्हणाले.

"तसं नगं. उन्हाळ्यात पानी कोन घालनार? नाव सांगा त्याचं. हितं वहीत लिवावं लागतं."

कृषीवाल्या मुलीनं वही उघडून पुढं धरलीच होती. पाहुण्यांनी सोबतच्या माणसाकडं पाहिलं, त्यानं मुख्याधिकाऱ्यांकडं, मुख्याधिकाऱ्यांनी कॅप्टनकडं. कॅप्टननं पुढच्या आठवड्यात प्रशिक्षणाला जायचं असल्यामुळं तात्यांकडं पाहिलं. तात्या आभाळाकडं बघत होते.

मावशीनं थोडा वेळ वाट बघितली.

"घाई न्हाई," ती म्हणाली. "इचार करून सांगा. पर तवर खड्डा बुजवा, शेळीचा पाय मोडंल."