त्याग कोणाचा आणि फळ कोणाचें?

जें काम परोपकारबुद्धीनें केलें तें न्यायाचेंही असतेंच, असें आपण सहसा गृहीत धरतों. हें गृहीत कितपत खरें आहे, हें पाहण्यास अहमदनगर जिल्ह्याइतकें (२०२४ पासून अहिल्यानगर) योग्य स्थळ आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

या जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेंत पडतो. १९७२ च्या दुष्काळानें त्याची दैना सर्वांच्या दृष्टीस आणली. पुढें पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी येथें १९७५ पासून अण्णा हजारे यांनीं, आणि नगर तालुक्यांतील हिवरे बाजार येथें १९८९ पासून पोपटराव पवार यांनीं, ग्रामस्थांस बरोबर घेऊन जें केलें तें सर्वश्रुत आहे. उतारावर चर खणले, नाल्यांस बांध घातले, झाडें लावलीं; वाहून जाणारें पाणी जमिनींत मुरलें आणि विहिरी भरल्या. श्रमदानाबरोबरच कुऱ्हाडबंदी व चराईबंदी हीं व्रतेंही गांवांनीं पत्करलीं. या कार्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे.

परंतु चराईबंदीचा अर्थ क्षणभर नीट पाहावा. ज्याची दहा एकर जमीन आणि विहीर आहे, त्याला डोंगर राखल्याचें फळ चार-दोन वर्षांत विहिरींतच मिळतें. ज्याला जमीनच नाहीं, ज्याचा संसार चार शेळ्यांवर चालतो, त्याला शेळ्या आज विकाव्या लागतात. आणि पुढें पायथ्याशीं जें पाणी वर येतें, तें दुसऱ्याच्या विहिरींत! मेंढरें घेऊन दरसाल त्या वाटेनें जाणाऱ्या परगांवच्या धनगराला तर ग्रामसभेंत बसण्याचाही अधिकार नसतो. निर्णय मात्र त्याच्याच वाटेविषयीं होतो.

कोणी म्हणेल, डोंगर उजाड झाल्यावर शेळी तरी काय खाणार होती? शिवाय हिवरे बाजारला गवत कापून नेण्याची मोकळीक होती, आणि गांवचें दूधही वाढलें. हें खरें आहे. पण कापलेला चारा गोठ्यांतल्या गाईच्या उपयोगी. ती गाय घेण्यास भांडवल लागतें, आणि शेळीवाल्यापाशीं तें कोठून असणार? या आक्षेपानें बंदी आवश्यक होती एवढें सिद्ध होतें. तिचा भार योग्य रीतीनें वांटला गेला, हें सिद्ध होत नाहीं.

भार वांटतां येतो, याला दाखला आहे. पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्यांत त्याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायत उभी केली. तेथें पाण्याचा वांटा जमिनीवर नव्हे, तर कुटुंबांतील माणसांवर ठरविला: माणशीं अर्धा एकर, कुटुंबास अडीच एकरांची मर्यादा, भूमिहीनासही हक्क, आणि उसास मनाई. हिवरे बाजारनेंही दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडून पिण्याच्या पाण्यास पहिला मान दिला आणि शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास बंदी केली. म्हणजे बंधन केवळ दुर्बलावर नव्हे, सबलावरही घालतां येतें.

आज हवामानबदलाचा जो प्रश्न जगापुढें आहे, तो याच प्रश्नाचें विराट रूप होय. आकाशांत सांचलेल्या धुरांत मेंढपाळाचा वांटा नगण्य; तो धूर बहुतांशीं सुखवस्तु देशांचा, आणि थोडासा, मोटार व वीज सढळ हातानें वापरणाऱ्या आपल्यासारख्यांचा. पाऊस चुकला कीं पहिला तडाखा मात्र मेंढपाळालाच. अशा स्थितींत आपण त्याला जें देतों त्यास उपकार म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. तें ऋण फेडणें होय.

म्हणून समाजसेवकाचें पहिलें कर्तव्य चर खणविणें हें नव्हे. बंदीचा ठराव होण्यापूर्वीं त्यापायीं कोणाची चूल विझेल हें शोधावें, त्या माणसाला सभेंत बोलावून त्याचें ऐकावें, आणि भरपाई आधीं, बंदी नंतर, हा क्रम राखावा. यानें कामास विलंब लागेल, हें आम्ही जाणतों. तो विलंब सोसणें हाच सबलांचा त्याग होय. आणि आपण घरीं बसून अशा कार्यास देणगी धाडतों, तेव्हां पाणी किती वाढलें एवढेंच न विचारतां तें कोणाच्या दारीं पोंचलें, हेंही विचारीत जावें.