हलका हात

स्लाइड गिटार नव्यानं शिकणारा माणूस काचेची नळी तारेवर जोरात दाबतो. तार पडद्यावर आदळते, खडखडते. इथे हवा हलका हात. नळी तारेला नुसती टेकवायची, नेमकी पडद्याच्या वर. जराशी सरकली की सूर ढळतो. तो कानानंच शोधायचा. पंडित ब्रिजभूषण काबरा गिटार आडवी ठेवून, तारेवर पोलादी कांडी फिरवत राग वाजवायचे. काय मींड होती ती!

माणसांशी वागतानाही हवा हलका हात. आपण दाबतो फार, ऐकतो कमी. घरात कुणी काही शिकत असेल, चुकत असेल, तर लगेच टोकू नका. चुकलेला सूर त्याचा त्याला ऐकू द्या.